जुनी डिझेल फोर बाय फोर लांबच्या टूरला काढायची तर आधी काय करायचं आणि मग काय

जुनी डिझेल फोर बाय फोर घेतली की पहिल्याच आठवड्यात लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर, रूफ रॅक, विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) अशी यादी सुरू होते. माझं म्हणणं अगदी उलटं आहे. आधी गाडी कंपनीतून निघाली होती तशी करा आणि बदलांकडे नंतर वळा. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीत काही ना काही झिजलेलं असतंच, ते तसंच ठेवून वर दोन-तीनशे किलो सामान आणि जड टायर चढवले की तोच भाग आधी जातो, आणि तो गॅरेजच्या दारात जात नाही, लांब कुठेतरी जातो.

इथे मी धरतोय त्या गाड्या म्हणजे मेकॅनिकल इंजेक्शन पंपवाल्या, कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने चालणाऱ्या डिझेल इंजेक्शनच्या) आधीच्या. टोयोटाचं १एचझेड, निसानचं टीडी४२, मित्सुबिशीचं ४डी५६, लँड रोव्हरचं ३००टीडीआय, किंवा त्या पिढीतलं कुठलंही इंजिन. या गाड्या रस्त्यात दुरुस्त करता येतात हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण, त्यामुळे बदल करताना तो गुण घालवू नका.

पायरी १: गाडीखाली झोपा

बॅटरी (टॉर्च), हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर आणि वही. चेसिसवर हातोडी हलकेच मारत पुढून मागे जा, चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, आतून गंजलेल्या ठिकाणी तो बसका होतो. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, स्टीअरिंग बॉक्स बसतो ती जागा, बॉडी माउंट आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वरचा चेसिसचा वळलेला भाग, इथे चिखल साठतो त्यामुळे गंज बहुतेक इथूनच सुरू होतो. स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती केसासारखी चीर दिसते का ते ब्रशने साफ करून बघा. चेसिसच गेलेली असेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही, दुसरी गाडी बघा.

पायरी २: सगळी तेलं काढून बघा

आधीच्या मालकाने काय सांगितलं ते सोडून द्या, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल, सगळी तेलं बदला आणि निघालेलं तेल ओतून देण्याआधी नीट बघा. दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असणं ठीक आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर तो भाग उघडावाच लागेल. आणि एक महत्त्वाची गोष्ट, ड्रेन प्लग काढायच्या आधी तेल भरायचा प्लग सुटतोय का ते बघा, नाहीतर तेल सांडून बसाल आणि नवीन भरता येणार नाही.

गिअरबॉक्सच्या तेलात लोक गडबड करतात. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरला जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, पण बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंगा (गिअर न घासता पडावा म्हणून असलेल्या) असतात आणि जीएल-५ मधल्या जास्तीच्या अ‍ॅडिटिव्हमुळे त्या खराब होऊ शकतात, तिथे मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलेलं असतं. एकच डबा आणून सगळीकडे ओतू नका.

पायरी ३: कूलिंग, इथे अजिबात कंजूषी नको

जुनं डिझेल इंजिन मरतं ते बहुतेक वेळा गरम होऊन. ४डी५६ आणि ३००टीडीआय दोन्हीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, एकदा चांगलं तापलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं किंवा हेडला तडा जातो. त्यामुळे टूरिंगच्या गाडीत रेडिएटर, थर्मोस्टॅट, सगळे होस पाइप, वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण एकदमच करून घ्या.

झाकणाला कमी समजू नका. साधारण १ बार दाब धरणारं झाकण चांगलं असेल तर पाणी शंभर डिग्रीला न उकळता वीसेक डिग्री आणखी वर जाऊन उकळतं. रबर कडक झालेलं झाकण म्हणजे ती सगळी सूट गेली. रेडिएटर बाहेरून धुताना पाण्याचा जोर मागून पुढे द्या, म्हणजे इंजिनच्या बाजूने, आणि एसीचा कंडेन्सर पुढे असेल तर दोघांच्या मधला कचरा काढा, तिथे किडे आणि गवताचं बी गच्च भरलेलं असतं आणि वरून दिसत नाही. आतून गाळ धरलेला रेडिएटर केमिकलने पुरता साफ होत नाही, रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घ्या किंवा नवीन कोर टाका.

पंख्याला व्हिस्कस कपलिंग (आत सिलिकॉन तेल असलेला जोड) असेल तर गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवा. अडखळत फिरला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय.

हेड गॅस्केट ठीक आहे का हे बघायची सोपी पद्धत. संध्याकाळी गाडी चांगली चालवून लावा आणि सकाळी स्टार्ट करायच्या आधी वरचा होस दाबून बघा. रात्रभर थंड झालेला होस मऊ असला पाहिजे. तो अजून टणक असेल, आणि झाकण सैल केल्यावर फुस्स करून दाब बाहेर पडला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. अशी गाडी गावात महिनोन्महिने त्रास न देता चालेल, पण लोड घेऊन लांब चढ लागला की पाणी बाहेर फेकेल.

पहिली अ‍ॅक्सेसरी कुठली घेऊ असं कोणी विचारलं तर मी हेडच्या धातूला लावायचा टेंपरेचर अलार्म सांगतो. मूळ गेजचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो, होस फाटून पाणी गेलं की तो वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खालीसुद्धा येऊ शकतो. धातूला बोल्टने लावलेला सेन्सर पाणी असो नसो खरं तापमान सांगतो. बारीकसं काम आहे, तासाभरात बसतं, आणि त्याने इंजिन वाचतं.

पायरी ४: डिझेल लाइन

या इंजिनांना हवं काय तर स्वच्छ डिझेल आणि हवेचा बुडबुडा नसलेली लाइन. रोटरी इंजेक्शन पंपाचं आतलं वंगण म्हणजे डिझेलच, त्यामुळे पाणी किंवा भेसळ गेली की पंप घासतो आणि पंपाचं काम महागात जातं. फिल्टर वेळेत बदला, खालचा पाण्याचा प्लग नियमित सोडा, आणि टूरला निघताना मूळ फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारा एक जादा फिल्टर बसवा, शक्यतो असा की ज्याचं एलिमेंट सहज मिळतं. टाकी एकदा उतरवून आतून धुवा. जुन्या टाकीत तळाशी गंज आणि काळा चिकट लगदा असतो, डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जीवाणू आणि बुरशी वाढते, ती हीच. खराब रस्त्यावर टाकी हलली की तो सगळा फिल्टरकडे येतो.

सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक, असं होत असेल तर लाइन एअर घेतेय असं धरा. बऱ्याच रोटरी पंपांच्या गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढण्यावर चालतो, त्यामुळे चीर पडली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते आणि खाली डाग दिसत नाही म्हणून माणूस भलतीकडे शोधत बसतो. फिल्टर आणि पंपाच्या मधल्या रबरी पाइपच्या जागी तात्पुरता पारदर्शक डिझेल पाइप लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले तर टाकीकडे एकेक जोड मागे जात तपासा. हँड पंपाचा डायफ्राम, फिल्टरवरची रबरी रिंग आणि जुने कडक झालेले रबरी पाइप हे नेहमीचे आरोपी. कमी सल्फरचं डिझेल आल्यावर जुन्या रबरी सील आकसून गळायला लागल्या, तेव्हा रबराचं सगळं एकदा नवीन करणंच बरं.

एअर काढायला घरी शिकून घ्या, रस्त्यात पहिल्यांदा करू नका. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळा. पंप हाताला कडक लागेपर्यंत मारा. तरी सुरू झाली नाही तर इंजेक्टरच्या टोकाकडचे दोन-तीन पाइपचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारायला सांगा, डिझेल थुंकल्यासारखं बाहेर आलं की एकेक नट आवळत जा, इंजिन अडखळत उठेल. हात आणि डोळे जरा लांबच ठेवा, इंजेक्शनच्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते आणि ती जखम गंभीर असते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये थंड होऊ द्या.

अजून एक. पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो, चावी ऑन केली की टक असा आवाज येतो. तो आला नाही आणि इंजिन फिरून सुरू होत नाही, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वायर सरळ त्याला द्या. वायरिंग गेलं असेल तर गाडी उठते, आणि बंद करायला ती वायर काढायची. डॅशबोर्डच्या खणात दोन मीटर वायर टोकाला क्लिप लावून ठेवूनच द्या.

इंजेक्टर काढून नोझलचा स्प्रे आणि प्रेशर बेंचवर तपासून घ्या, बसवताना तांब्याचे वॉशर नवीन. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) मल्टिमीटरने बघा, चांगल्याचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास किंवा कमीच असतो, काहीच रीडिंग नसेल तर तो गेला. अडकलेला ग्लो प्लग जोर लावून काढू नका, तुटून हेडमध्ये राहतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन गरम असताना हळू सोडा.

पायरी ५: हवा, बेल्ट, टॅपेट

एअर फिल्टर बदलताना फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाइप काढून आत बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली तर कुठेतरी जोड उघडा आहे आणि इंजिन धूळ खातंय. अशी धूळ थोड्या दिवसांत रिंगा आणि बोअर घासून टाकते, मग पिकअप जातो आणि ऑइल खायला लागतं. क्लॅम्प आणि रबरी बेलो बदला, हे आजच करायचं काम आहे.

टायमिंग बेल्टचा रेकॉर्ड लेखी नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. ४डी५६ मध्ये बॅलन्स शाफ्टचा एक छोटा बेल्ट आतल्या बाजूला असतो, तो तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टमध्ये जातात आणि व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो, त्यामुळे दोन्ही बेल्ट आणि टेन्शनर एकदमच. टीडी४२ ला टायमिंगला गिअर आहेत, ती काळजी नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून घ्या, आणि इंजेक्टर निघालेच आहेत तर कॉम्प्रेशनही घेऊन टाका. आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकसारखे आहेत का हे बघायचं.

पायरी ६: अ‍ॅक्सल, स्टीअरिंग, ब्रेक

पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेकने खटखट थांबली तर व्हील बेअरिंग, थांबली नाही तर किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ते) किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावर टाय रॉड एंड कळतात. सलग पुढच्या अ‍ॅक्सलच्या गाड्यांत नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) मागून काळं पातळ ग्रीस-तेल मिसळून गळत असेल तर आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं तेल ग्रीस धुवून नेतंय. हे काम घाण आहे पण पूर्ण उघडून करा.

स्टीअरिंग ठराविक स्पीडला थडथडत असेल तर लोक सरळ स्टीअरिंग डॅम्पर नवीन लावतात. त्याने फक्त रोग झाकला जातो. आधी टायर बॅलन्सिंग, मग पॅनहार्ड रॉडचे (अॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांडीचे) बुश, टाय रॉड एंड, किंगपिनचा प्रीलोड, या क्रमाने जा. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आणि स्लाइडिंग जॉइंट ग्रीस करा, ग्रीस घेत नसलेला क्रॉस बदलाच. ब्रेकचे रबरी होस जुने असतील तर सगळे बदला, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

आता बदल. पहिला बदल म्हणजे सामान कमी करणं

गाडी टूरला जाते तशी भरून, टाकी फुल, माणसं आत, वजनकाट्यावर न्या. पूर्ण वजन घ्या, मग पुढचा अ‍ॅक्सल आणि मागचा अ‍ॅक्सल वेगळा घ्या, आणि गाडीच्या प्लेटवरच्या मर्यादेशी ताडून बघा. बहुतेकांना इथे धक्का बसतो. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, डिझेल त्याहून थोडं हलकं, स्टीलचा बंपर आणि विंच मिळून सहज शंभर किलोच्या आसपास जातात, आणि ते सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे. टपावर जड काही नको, रॅकवर किती चालतं तो आकडा गाडी चालू असतानाचा बघा, उभ्या गाडीचा नाही. वजन कमी केलं की ब्रेक, क्लच, टायर, बेअरिंग, कूलिंग सगळ्यांना एकदम आराम मिळतो, आणि त्याला खर्च शून्य.

वजन कळल्यावर स्प्रिंग निवडा. कायम भरलेल्या गाडीला कडक स्प्रिंग किंवा जादा पाटा योग्य, पण रिकामी फिरणाऱ्या गाडीत तेच घातलं तर ती उड्या मारते आणि चाक रस्ता सोडतं. ५० मिलिमीटरपर्यंत उचल टूरिंगला भरपूर झाली. त्याच्या वर गेलात की कॅस्टर (स्टीअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) कमी होऊन स्टीअरिंग भटकतं, क्रॉसचे कोन वाढतात, ब्रेकचे होस ताणले जातात. मागे लोडनुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असेल तर उचल केल्यावर त्याची लिंक अ‍ॅडजस्ट करावीच लागते, नाहीतर व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. हे बऱ्याच गॅरेजमध्ये राहून जातं. बदल कागदपत्रांवर आणि इन्शुरन्समध्ये चढवावे लागतात का तेही आधीच विचारून घ्या.

टायर मूळ मापाच्या जवळचेच ठेवा, लाइट ट्रक रेटिंगचे. ३१ इंचाचे काढून ३३ चे घातले तर घेर साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढतो, मीटरवर १०० दिसताना खरा वेग १०६ असतो, आणि तेवढाच गिअर उंच झाल्यामुळे नॉन-टर्बो इंजिन चढावर गुदमरतं. खरा फायदा हवा कमी करण्यात आहे. कच्च्या खडीच्या रस्त्यावर २६-२८ पीएसआय, मऊ वाळूत १५-१८ पर्यंत, आणि हवा कमी असताना स्पीडही कमी. डांबरावर प्रेशर बरोबर आहे का हे ओळखायला थंड असताना मोजा, तासभर चालवून परत मोजा, वाढ साधारण ४ पीएसआय असली पाहिजे, फार जास्त वाढली तर हवा कमी भरलीय. पार्टटाइम फोर बाय फोर (गरजेपुरतं पुढची चाकं जोडायची पद्धत) असेल तर कोरड्या डांबरावर फोरमध्ये चालवू नका, मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे ट्रान्समिशन आवळून बसतं.

वायरिंगमध्ये पहिलं काम म्हणजे जुने अर्थ. इंजिन ते चेसिस, चेसिस ते बॅटरी या केबल नवीन जाड घाला, अर्ध्या विचित्र तक्रारी तिथेच संपतात. हेडलाइटला रिले लावा, जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून जातो आणि उजेड मंद पडतो. फ्रिज ठेवणार असाल तर दुसरी बॅटरी आयसोलेटरने (दोन बॅटऱ्या तोडणाऱ्या-जोडणाऱ्या स्विचने) वेगळी करा म्हणजे स्टार्टिंगची बॅटरी उतरणार नाही, मागे जाणाऱ्या केबलला दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज हवेतच. घासून उघडी पडलेली फ्यूज नसलेली जाड केबल गाडी जाळते. लिथियम बॅटरी बॉनेटखाली ठेवू नका, तिथली उष्णता तिला सोसत नाही.

ताकद वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे, म्हणूनच ते धोक्याचं. डिझेल इंजिनात डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली की काळा धूर आणि एग्झॉस्टचं तापमान दोन्ही वाढतं. आधी टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये एग्झॉस्ट टेंपरेचरचा गेज लावा, लांब चढावर काटा ७०० डिग्रीच्या वर टिकायला लागला तर गिअर खाली घ्या आणि पाय उचला. १एचझेडसारख्या मुळात टर्बो नसलेल्या, प्रीचेंबरच्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावला तर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) अगदी कमी ठेवा, हेडला तडे जातात ते अशाच हावेने. मला विचाराल तर टूरिंगला तो टर्बो नकोच.

स्नॉर्कल (इंजिनला हवा टपाच्या उंचीवरून देणारा पाइप) लावलात तर बॉनेटच्या आतला प्रत्येक जोड बंद झालाय का ते तपासा. इंजिन आयडलला ठेवून स्नॉर्कलचं तोंड झाका, काही सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर ते दुसरीकडून हवा घेतंय, आणि तिथूनच पाणीही घेईल. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सोबत अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा बाहेर-आत जाऊ देणारे) पाइप लांब करून बॉनेटपर्यंत आणा, गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढतो. आणि गाडी ओढून काढायला चेसिसला बोल्ट केलेले रेटेड हुकच वापरा. टो बॉल कधीच नाही, तो तुटून गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

स्पेअर आणि शेवटची चाचणी

सोबत घ्यायचं ते म्हणजे दोन डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होस, थर्मोस्टॅट, एक क्रॉस, एका बाजूची व्हील बेअरिंग आणि सील, डिझेलचा रबरी पाइप आणि क्लॅम्प, तांब्याचे वॉशर, फ्यूज, वायर, इंजिन ऑइल, कूलंट. काढलेले जुने पण चालू बेल्ट आणि होस फेकू नका, तेच स्पेअर म्हणून ठेवा, ते आपल्या गाडीला बसतात हे माहीत असतं.

निघायच्या निदान दोन आठवडे आधी गाडी पूर्ण भरून दोन दिवस चालवा, चढ, कच्चा रस्ता, रात्रीची ड्रायव्हिंग सगळं. परत आल्यावर यू बोल्ट, सस्पेंशनचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने परत आवळा, नवीन काम केलेल्या ठिकाणी पहिल्या शंभर किलोमीटरनंतरही एकदा.

रस्त्यावर असताना रोज सकाळी तेल, पाणी, गाडीखाली डाग, आणि दर काही दिवसांनी डिझेल फिल्टरचं पाणी सोडा. दिवसात दोनदा थांबाल तेव्हा चारही हबच्या जवळ उलटा हात नेऊन बघा. पुढचे दोन एकमेकांसारखे आणि मागचे दोन एकमेकांसारखे गरम लागले पाहिजेत. एकच हब जास्त तापलेला लागला तर ब्रेक धरून बसलाय किंवा बेअरिंग जातंय, तिथेच चाक उचलून हाताने फिरवा आणि कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.